‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!’ नेटवर्कवरचा पहिला प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर जाऊन का अडतो?

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट यादीत एक विषय हमखास असतो, तो म्हणजे ‘चॅट ॲप्लिकेशन’. दिसायला सोपं काम. एक विंडो, मेसेज टाइप करायला एक चौकोन, खाली ‘सेंड’चं बटण. घरी बसून कोड लिहिला, एकाच लॅपटॉपवर दोन विंडो उघडल्या, इकडचा ‘हाय’ तिकडे दिसला. झालं काम!

मग प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी लॅबमधल्या दोन वेगळ्या मशीनवर तोच कोड लावला जातो. बटण दाबलं की विंडो पांढुरकी पडते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी अक्षरं येतात आणि एक्सटर्नल समोर उभे असतात. ‘सर, काल रात्री चालत होतं’ हे वाक्य दरवर्षी कितीतरी लॅबमध्ये ऐकू येत असेल.

अशा वेळी ‘आपल्याला कोडिंग जमत नाही’ असं वाटून अनेकजण हा विषयच सोडून देतात. खरं तर बऱ्याचदा कोडची एकही ओळ चुकलेली नसते. चुकलेलं असतं ते एक गृहीतक, की पलीकडचं मशीनही आपल्याच मशीनसारखं वागेल. म्हणजे लगेच उत्तर देईल, हाक मारली की सापडेल आणि जसं दिलं तसंच एका तुकड्यात पोचवेल. सन मायक्रोसिस्टीम्स कंपनीत काम करणाऱ्या पीटर डॉइच यांनी १९९४ च्या सुमारास प्रोग्रॅमर लोकांच्या अशा गैरसमजांची यादीच केली होती. ‘नेटवर्क भरवशाचं असतं’ आणि ‘मेसेज पोचायला वेळ लागत नाही’ हे त्यातले पहिले दोन गैरसमज. नवशिक्यांचे बहुतेक प्रश्न आजही इथूनच सुरू होतात.

पुढे जाण्याआधी तीन शब्द. जो प्रोग्रॅम एका जागी बसून कुणी येतंय का याची वाट बघतो, तो सर्व्हर. जो स्वतःहून त्याच्याकडे जातो, तो क्लायंट. दोघांच्या हातात संवादाचं जे टोक असतं, त्याला सॉकेट म्हणतात. सर्व्हर म्हणजे एसीच्या खोलीतलं मोठं कपाटच असायला हवं असं नाही. तुमच्या लॅपटॉपवरचा तीस ओळींचा प्रोग्रॅमही सर्व्हरच असतो.

बटण दाबलं की विंडो हँग का होते?

विंडो असलेला कोणताही प्रोग्रॅम आतून एका साध्या चक्रावर चालतो. माउस हलला, की दाबली गेली, विंडो पुन्हा रंगवायची आहे, अशा सगळ्या घटना एका रांगेत उभ्या राहतात आणि प्रोग्रॅम त्या एकेक करून निकाली काढतो. हे काम करणारा कामगार, म्हणजे थ्रेड, एकच असतो. तुमच्या ‘सेंड’ बटणामागचा कोडसुद्धा तोच चालवतो.

बँकेत एकच काउंटर उघडा आहे, असं समजा. काउंटरवरच्या माणसाने फोन उचलून हेड ऑफिसला काहीतरी विचारलं आणि उत्तर येईपर्यंत रिसीव्हर कानाला लावून तो गप्प बसून राहिला, तर मागची रांग जागची हलणार नाही. माणूस झोपलेला नाही, आजारीही नाही. तो फक्त वाट बघतोय.

बटणाच्या कोडमध्ये तुम्ही सॉकेटवरून उत्तर वाचायची ओळ लिहिता, तेव्हा नेमकं हेच होतं. ‘रिसीव्ह’ ही आज्ञा डेटा येईपर्यंत तिथेच थांबते. ‘कनेक्ट’ही थांबते, ‘ॲक्सेप्ट’ही थांबते. तोवर विंडो रंगवायलाही कुणी मोकळं नसतं. एखाद्या विंडोने पाच सेकंद आपली रांग तपासलीच नाही, तर विंडोज तो प्रोग्रॅम प्रतिसाद देत नसल्याचं धरून चालते आणि ती विंडो पांढुरकी करते.

मग घरी का चाललं? घरी दोन्ही प्रोग्रॅम एकाच मशीनवर होते आणि उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत येत होतं. थांबणं तेव्हाही होतंच, फक्त ते दिसत नव्हतं.

यावर नेटवर दोन झटपट उपाय सापडतात. एक म्हणजे मध्येमध्ये विंडो अपडेट करण्याची आज्ञा घालणं, दुसरा म्हणजे ‘स्लीप’ टाकणं. पहिला उपाय म्हणजे नुसतं ठिगळ आहे. दुसऱ्याने तर तोच कामगार आणखी झोपतो.

खरा उपाय म्हणजे वाट बघायचं काम दुसऱ्या थ्रेडला देणं. विंडोचा थ्रेड विंडो सांभाळेल आणि दुसरा सॉकेटवर कान लावून बसेल. इथे पुढचा खड्डा आहे. मेसेज आला की हा दुसरा थ्रेड स्वतःच विंडोत मजकूर लिहायला जातो. तसं करायचं नाही. विंडो, बटणं, चौकोन यांना फक्त विंडोच्या थ्रेडनेच हात लावायचा, हा जवळजवळ सगळ्याच टूलकिटचा नियम आहे. तो मोडला तर प्रोग्रॅम दर वेळी बंद पडत नाही. दहातल्या नऊ वेळा चालतो आणि दहाव्या वेळी काहीच न सांगता कोसळतो. असा बग शोधणं नेहमी बंद पडणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा कितीतरी अवघड असतं.

म्हणून दुसऱ्या थ्रेडने फक्त निरोप द्यायचा आणि मजकूर लिहायचं काम विंडोच्या थ्रेडवर सोडायचं. जावा स्विंगमध्ये यासाठी ‘इन्व्होक लेटर’ आहे, सी शार्पच्या विंडोज फॉर्म्समध्ये ‘इन्व्होक’, क्यूटीमध्ये सिग्नल आणि स्लॉट. पायथॉनच्या टीकेइंटरमध्ये सहसा मेसेज एका क्यूमध्ये टाकतात आणि विंडोचा थ्रेड ‘आफ्टर’ वापरून दर काही मिलिसेकंदांनी ती क्यू तपासतो.

दुसरा क्लायंट जोडला जातो, पण त्याला उत्तरच मिळत नाही, ते का?

हा त्याच आजाराचा सर्व्हरकडचा अवतार. सर्व्हरने पहिल्या क्लायंटला आत घेतलं आणि त्याच्या मेसेजची वाट बघत बसला. आता दुसऱ्याला आत घेणार कोण?

गोंधळ वाढतो तो यामुळे की दुसऱ्या क्लायंटच्या स्क्रीनवर ‘कनेक्टेड’ असं दिसतं. ते खोटं नसतं. जोडणीची पहिली देवाणघेवाण तुमचा प्रोग्रॅम करतच नाही, ती ऑपरेटिंग सिस्टीम परस्पर करते आणि आलेल्या पाहुण्याला बाहेरच्या बाकावर बसवते. तुमचा सर्व्हर ‘ॲक्सेप्ट’ म्हणेपर्यंत तो पाहुणा तिथेच बसून राहतो. म्हणजे ‘कनेक्ट झालं’ याचा अर्थ ‘सर्व्हरने मला पाहिलं’ असा नसतो. इथेही दर क्लायंटमागे एक थ्रेड, किंवा एकाच थ्रेडने सगळ्या सॉकेटवर आळीपाळीने लक्ष ठेवणारी ‘सिलेक्ट’सारखी सोय, असे मार्ग आहेत. पाच-दहा जणांच्या चॅटसाठी थ्रेडचा मार्ग पुरेसा आहे.

माझ्या मशीनवर चालतं, मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून जोडलं जात नाही. असं का?

सगळ्यात आधी पत्ता तपासा. कोडमध्ये ‘लोकलहोस्ट’ किंवा १२७.०.०.१ लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ ‘हे मशीन’. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर त्याचा अर्थ मैत्रिणीचा लॅपटॉप असा होतो. तिचा क्लायंट इमानेइतबारे तिच्याच मशीनचं दार ठोठावत बसतो.

सर्व्हरच्या बाजूलाही हीच चूक होते, पण ती पटकन दिसत नाही. सर्व्हर सुरू करताना ‘बाइंड’मध्ये १२७.०.०.१ दिलं असेल, तर तो फक्त आतून आलेल्या हाका ऐकतो. बाहेरच्यांसाठी तो नसल्यासारखाच. मशीनच्या सगळ्या नेटवर्क दारांवर ऐकायचं असेल तर तिथे ०.०.०.० द्यायचं. हा पत्ता ऐकण्यासाठी आहे. क्लायंटने मात्र सर्व्हर मशीनचा खरा पत्ता वापरायचा. विंडोजवर तो ‘आयपीकॉन्फिग’ या आज्ञेने दिसतो.

पत्ता बरोबर असूनही जमत नसेल, तर एरर नीट वाचा. नवशिके इथे सगळ्यात जास्त घाई करतात. लाल अक्षरं दिसली की खिडकी बंद. पण ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘टाइम्ड आउट’ या दोन एररमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

‘रिफ्यूज्ड’ म्हणजे तुमची हाक पलीकडच्या मशीनपर्यंत पोचली आणि तिथून स्पष्ट नकार आला. विंडोजवर हा एरर क्रमांक १००६१, लिनक्सवर १११. ही अर्धी चांगली बातमी आहे, कारण रस्ता मोकळा आहे. बहुतेक वेळा सर्व्हर सुरूच नसतो, पोर्टचा आकडा चुकलेला असतो किंवा वर सांगितलेली बाइंडची चूक असते.

‘टाइम्ड आउट’ म्हणजे हाक मारली आणि काहीच उत्तर आलं नाही, ना होकार ना नकार. विंडोजवर १००६०, लिनक्सवर ११०. इथे कोड उघडून बसण्यात अर्थ नाही. पत्ता चुकलाय किंवा मध्ये कुणीतरी हाक गिळतंय, आणि हे गिळणारं बहुतेकदा फायरवॉल असतं. सर्व्हर पहिल्यांदा सुरू केल्यावर विंडोज एक खिडकी दाखवून परवानगी विचारते आणि आपण ती न वाचताच ‘कॅन्सल’ करतो. वर तुमचं वायफाय विंडोजच्या लेखी ‘पब्लिक’ असेल, तर फक्त ‘प्रायव्हेट’ नेटवर्कसाठी दिलेली परवानगी तिथे लागू होत नाही.

‘फायरवॉल बंदच करून टाका’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. तुमच्या एका प्रोग्रॅमसाठी किंवा एका पोर्टसाठी नियम घालता येतो, त्याला दोन मिनिटं लागतात. सगळी फायरवॉल बंद केली तर ती पुन्हा सुरू करायचं कुणाच्या लक्षात राहतं?

पिंगवरही फार विसंबू नका. अनेक विंडोज मशीन बाहेरून आलेल्या पिंगला उत्तरच देत नाहीत, तरी त्यांच्यावरचा सर्व्हर मजेत चालू असतो. उलट पिंगला उत्तर आलं म्हणून तुमचं पोर्ट उघडं आहे असंही नाही. पॉवरशेलमधली ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा थेट पोर्ट तपासून देते, ती वापरा.

एक कारण मात्र कोडमध्ये आणि दोन्ही लॅपटॉपमध्ये शोधूनही सापडत नाही. कॉलेज, हॉस्टेल, कॅफे, हॉटेल इथल्या वायफायवर अनेकदा अशी सेटिंग असते की प्रत्येक उपकरण इंटरनेटशी बोलू शकतं, पण शेजारच्या उपकरणाशी नाही. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण तुमचा डेमो तिथे मरतो. फोनचा हॉटस्पॉट सुरू करून दोन्ही लॅपटॉप त्यावर घ्या. तिथे चाललं, तर तुमचा कोड निर्दोष आहे. लॅबमध्ये जाताना हा पर्याय आधीच तपासून ठेवलेला बरा.

मग पुण्यातून नागपूरच्या मित्राशी का जोडता येत नाही?

घरात चाललं की पुढचा प्रश्न हाच येतो. ‘आयपीकॉन्फिग’ने दाखवलेला १९२.१६८ पासून सुरू होणारा पत्ता मित्राला पाठवला जातो आणि काहीही होत नाही.

ऑफिसमधले एक्स्टेंशन नंबर आठवा. ऑफिसच्या आतून २०४ फिरवला की अकाउंट्सला लागतो. पण दुसऱ्या शहरातल्या माणसाला नुसता ‘२०४’ सांगून काय उपयोग? असे २०४ देशभर हजारो ऑफिसांत असतील. १९२.१६८, १७२.१६ ते १७२.३१ आणि १० यांपासून सुरू होणारे पत्ते असेच आहेत. १९९६ च्या एका इंटरनेट दस्तऐवजाने हे तीन गट खासगी वापरासाठी राखून ठेवले. जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांची एकूण संख्याच सुमारे ४२९ कोटी आहे आणि उपकरणं त्याहून कितीतरी जास्त. म्हणून घरातला राउटर एकच बाहेरचा पत्ता सगळ्यांसाठी वापरतो.

आतून बाहेर जाणाऱ्या हाकेचं उत्तर कुणाकडे परत द्यायचं, याची राउटर नोंद ठेवतो. पण बाहेरून अचानक आलेली हाक घरातल्या कोणत्या उपकरणाला द्यायची हे त्याला माहीत नसतं आणि तो ती टाकून देतो. राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करून त्याला हे सांगून ठेवता येतं. मात्र आता अनेक इंटरनेट कंपन्या ग्राहकांच्या राउटरलाही स्वतंत्र बाहेरचा पत्ता देत नाहीत. शेकडो घरं मिळून एकाच पत्त्यामागे असतात. राउटरच्या स्टेटस पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी काही असेल, तर तुम्ही अशाच सामाईक पत्त्यामागे आहात आणि घरच्या राउटरमध्ये कितीही फॉरवर्डिंग केलं तरी उपयोग नाही.

यातून सुटायचा नेहमीचा मार्ग म्हणजे दोघांनीही बाहेर पडून तिसऱ्या ठिकाणी भेटायचं. इंटरनेटवर स्वतःचा पत्ता असलेलं एक छोटं मशीन भाड्याने घ्यायचं, सर्व्हर त्यावर ठेवायचा आणि दोन्ही क्लायंट त्याला जोडायचे. आतून बाहेर जाणारी हाक अडत नाही. तुम्ही रोज वापरता ती मेसेजिंग ॲप्सही मेसेज आपल्या सर्व्हरमार्फतच पोचवतात.

‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणजे काय?

आयपी पत्ता इमारतीचा आणि पोर्ट म्हणजे फ्लॅटचा नंबर, असं धरा. पोर्टचे आकडे ० ते ६५५३५ असतात. त्यातले १०२४ च्या खालचे ठरलेल्या कामांसाठी राखीव असतात, जसं वेबसाठी ८० आणि ४४३. आपल्या प्रयोगासाठी पाच-सहा हजारांच्या पुढचा एखादा आकडा घ्यावा.

एका पोर्टवर एका वेळी एकच प्रोग्रॅम ऐकतो. हा एरर आला तर आधी तुमच्याच प्रोग्रॅमची जुनी प्रत मागे चालू राहिली आहे का बघा. खिडकी बंद केली म्हणजे प्रोग्रॅम बंद झालाच असं नाही, आणि दहापैकी आठ वेळा कारण हेच निघतं. लिनक्सवर आणखी एक कारण असतं. जोडणी तुटल्यावरही वाटेत रेंगाळलेले तुकडे येतील म्हणून सिस्टीम तिची नोंद साधारण मिनिटभर धरून ठेवते. सर्व्हरमध्ये बाइंडच्या आधी ‘रीयूज ॲड्रेस’ हा पर्याय लावला की हे थांबणं टळतं. विंडोजवर याच नावाच्या पर्यायाचा अर्थ वेगळा आहे, तिथे तो आंधळेपणाने लावू नका.

मेसेज कधी अर्धा येतो, कधी दोन चिकटून येतात. असं का होतं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण लहान मेसेज पाठवून केलेल्या टेस्टिंगमध्ये हा दोष जवळजवळ कधीच सापडत नाही.

आपल्याला वाटतं की एकदा ‘सेंड’ केलं की पलीकडे एकदा ‘रिसीव्ह’ होतं. चॅटसाठी सहसा वापरली जाणारी टीसीपी ही पद्धत असं काहीच म्हणत नाही. ती दोनच गोष्टींची हमी देते. बाइट पोचतील तर दिलेल्या क्रमानेच पोचतील, आणि मधला एखादा हरवला तर तो पुन्हा मागवला जाईल. मेसेज कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे टीसीपीला माहीतच नसतं. ती पाकिटं पोचवणारा पोस्टमन नाही, ती पाण्याची पाइपलाइन आहे. तुम्ही इकडून तीन तांबे पाणी ओतलं, तर तिकडे ते तीनच तांब्यांत येईल असं कुणी सांगितलं?

त्यामुळे ‘हाय’ आणि ‘कशी आहेस’ असे लागोपाठ पाठवलेले दोन मेसेज एकाच वाचनात चिकटून येऊ शकतात आणि एक लांब मेसेज तीन वाचनांत तुकड्यांनी येऊ शकतो. एकाच मशीनवर हे क्वचित दिसतं. खऱ्या नेटवर्कवर, मेसेज मोठा झाला की, हमखास दिसतं.

मराठीत टाइप करणाऱ्यांना तर हा दोष लवकर गाठतो. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘नमस्कार’ या शब्दात आपल्याला चार अक्षरं दिसतात. कॉम्प्युटरच्या हिशोबात ती सात चिन्हं असतात, कारण हलन्त आणि काना वेगळे मोजले जातात. आणि तारेवरून जातात एकवीस बाइट.

आता बहुतेक ट्यूटोरियलमध्ये एका वेळी १०२४ बाइट वाचायला सांगतात. १०२४ ला तीनने पूर्ण भाग जात नाही. सलग देवनागरी मजकूर असेल तर ३४१ चिन्हं होऊन ३४२ व्या चिन्हाचा एकच बाइट हातात येतो. त्या अर्ध्या चिन्हाचं अक्षर करायला गेलं की पायथॉन थेट ‘युनिकोड डिकोड एरर’ देऊन थांबतो, तर इतर काही भाषा तिथे प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन दाखवतात. मग ‘मराठी सपोर्ट होत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. मराठीचा यात काहीच दोष नाही. पूर्ण मेसेज यायच्या आत तो वाचायची घाई झालेली असते.

उपाय म्हणजे मेसेजची हद्द आपणच आखायची. साधा मार्ग असा की प्रत्येक मेसेजच्या शेवटी नवी ओळ घालायची आणि पलीकडे बाइट साठवत राहायचे. नवी ओळ दिसली की तिथपर्यंतचा एक मेसेज. त्यानंतरचे बाइट फेकायचे नाहीत, ती पुढच्या मेसेजची सुरुवात असते. मेसेजमध्येच नवी ओळ असू शकत असेल, किंवा फाइल, फोटो पाठवायचे असतील, तर आधी चार बाइटमध्ये लांबी पाठवायची आणि मग तेवढे बाइट पूर्ण होईपर्यंत वाचत राहायचं.

लांबी बाइटमध्ये मोजायची, अक्षरांत नाही. पायथॉनमध्ये ‘नमस्कार’ची लांबी विचारली तर उत्तर ७ येतं. तो आकडा पुढे लावून एकवीस बाइट पाठवले, तर पलीकडचा सात बाइट वाचेल. म्हणजे ‘न’, ‘म’ आणि ‘स’चा एक तृतीयांश! उरलेले चौदा बाइट पुढच्या मेसेजची लांबी समजून वाचले जातील आणि तिथून पुढे सगळंच बिघडेल. म्हणून आधी मजकुराचे बाइट करून घ्यायचे आणि त्यांची लांबी मोजायची.

पाठवतानाही अशीच एक खोच आहे. ‘सेंड’ दिलेले सगळेच बाइट एका दमात पाठवेल असं नाही, किती गेले ते ती सांगते. पायथॉनमध्ये ‘सेंडऑल’ वापरला की उरलेल्याची काळजी तोच घेतो.

यूडीपी या दुसऱ्या पद्धतीत मेसेजची हद्द पाळली जाते, पण मेसेज पोचेलच याची हमी नसते आणि क्रमाचीही नसते. गेम किंवा कॉलमध्ये जुना तुकडा उशिरा येण्यापेक्षा न आलेला बरा, तिथे ती वापरतात. पहिल्या प्रोजेक्टला टीसीपीच घ्या.

पलीकडचा निघून गेला हे कळतं कसं?

त्याने प्रोग्रॅम नीट बंद केला, तर तुमचं ‘रिसीव्ह’ रिकाम्या हाताने, शून्य बाइट घेऊन परत येतं. हा ‘काही आलं नाही’ असा इशारा नसतो, ‘आता काही येणार नाही’ असा असतो. ही तपासणी राहिली की लूप थांबतच नाही आणि लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागतो.

पण त्याची लाइट गेली किंवा वायफाय तुटलं, तर तुम्हाला काहीच कळत नाही. जोडणी म्हणजे खरोखरची तार नसते, ती दोन मशीनच्या मेमरीतल्या दोन नोंदी असतात. एक मशीन गप्प झालं तर दुसऱ्याकडची नोंद तशीच राहते. ऑपरेटिंग सिस्टीमची ‘कीपअलाइव्ह’ नावाची सोय आहे, पण ती मुद्दाम सुरू करावी लागते आणि विंडोज व लिनक्स दोन्हीकडे ती मूळ सेटिंगनुसार दोन तासांच्या शांततेनंतर पहिली चौकशी करते. चॅटसाठी एवढं थांबून चालणार नाही. म्हणून दर अर्ध्या मिनिटाने ‘आहेस का?’ असा छोटा मेसेज आपणच पाठवायचा आणि ठरावीक वेळात उत्तर नाही आलं तर जोडणी बंद करून यादीतून नाव काढायचं.

यासाठी कोणती भाषा चांगली?

जी येते ती. बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट, कनेक्ट ही सगळी नावं १९८३ मध्ये आलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीतून सगळीकडे पसरली. पायथॉन, जावा, सी शार्प यांपैकी काहीही घेतलं तरी खाली तीच यंत्रणा आहे आणि वरचे सगळे खड्डेही तसेच आहेत.

प्रोग्रॅमची एक्सई फाइल मित्रांना दिली तर पासवर्ड सुरक्षित राहतो का?

नाही. इथे मार्कांपेक्षा जास्त काहीतरी पणाला लागतं. डेस्कटॉप प्रोग्रॅममधून थेट इंटरनेटवरच्या डेटाबेसला जोडायचं आणि डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्येच लिहायचा, ही पद्धत विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये खूप दिसते. पुढे तोच कोड ओळखीच्या दुकानाच्या बिलिंगसाठी किंवा क्लासच्या फीच्या हिशोबासाठी वापरला जातो. तिथे खऱ्या लोकांची नावं, मोबाइल नंबर आणि उधारी असते.

एक्सई केल्याने कोड लपत नाही. जावा आणि सी शार्पचे प्रोग्रॅम उलगडून जवळजवळ मूळ कोड दाखवणारी साधनं फुकट मिळतात. सी भाषेतल्या एक्सईमधूनही साधा मजकूर शोधून काढता येतो. फाइल ज्याच्याकडे गेली, त्याच्याकडे पासवर्ड गेला. म्हणून डेटाबेस आणि डेस्कटॉप प्रोग्रॅम यांच्यामध्ये आपला सर्व्हर असायला हवा. पासवर्ड फक्त त्या सर्व्हरवर राहतो, आणि आलेला माणूस कोण आहे, त्याने काय पाहायचं हे तो ठरवतो.

वाटेतल्या डेटाचंही तसंच आहे. साध्या सॉकेटवरून पाठवलेला मजकूर उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. वायरशार्कसारखं मोफत साधन तुमच्याच लॅपटॉपवर लावून स्वतःच्या चॅटचे मेसेज एकदा बघा, टाइप केलेला पासवर्ड जसाच्या तसा दिसेल. यासाठी स्वतःची गुप्त लिपी शोधू नका. टीएलएस प्रत्येक मोठ्या भाषेच्या लायब्ररीत आहे. पायथॉनमध्ये ‘एसएसएल’ नावाचं मॉड्यूल सोबतच येतं, आणि आधी नीट चालणाऱ्या सॉकेटभोवती ते गुंडाळायला मोजक्याच ओळी लागतात. सर्व्हरसाठी सर्टिफिकेट मात्र लागतं. लॅबमधल्या प्रयोगाला स्वतः तयार केलेलं चालतं, पण ते वापरताना क्लायंटमधली सर्टिफिकेटची तपासणी बंद करू नका. तेच सर्टिफिकेट क्लायंटला ‘हे ओळखीचं आहे’ म्हणून देऊन ठेवा.